रात्री दोन वाजता कोण येतं?

लग्नाचं कार्यालय ठरवायला जातो तेव्हा बघा, आपण किती चौकशा करतो. जनरेटर आहे का, पाणी किती वेळ येतं, नवरीच्या खोलीला आतून कडी आहे का, आचारी तुमचाच घ्यायचा की आमचा चालेल, पंगतीला वाढपी किती. नणंदा-भावजया मिळून जातात आणि स्वयंपाकघराच्या मोरीपर्यंत डोकावून येतात. एका दिवसाचा तर मामला असतो! पण घरातलं माणूस शेवटच्या आजारात कुठे ठेवायचं, हे ठरवायची वेळ आली की फोनवर दोनच प्रश्न विचारले जातात. “बेड आहे का?” आणि “महिन्याचे किती?”

आमच्या महिला मंडळात गेली काही वर्षं हा विषय वरचेवर येतो. पूर्वी यायचा नाही. विचारणारी बहुतेक वेळा सून असते, नाहीतर बायको, नाहीतर आजारी आईला सांभाळायला नोकरी सोडून आलेली लेक. सगळ्या निघून गेल्या की चपला घालता घालता हळूच विचारते, “ताई, कुठे ठेवायचं हो?” आवाज असा की जणू काही गुन्हा करायला निघाली आहे. तिला दोन पत्ते दिले की काम झालं, असं होत नाही. पत्ते खूप झालेत आता. त्यातला बरा कुठला, हे कसं ओळखायचं ते कुणी सांगत नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे हायवेला लागून, नाहीतर एखाद्या बंद पडलेल्या लॉजमध्ये ‘केअर सेंटर’ नावाच्या पाट्या लागल्यात. तिथे म्हातारी माणसं असतात, अर्धांगवायूचे पेशंट असतात, काही आठवत नसलेले आजी-आजोबा असतात आणि कॅन्सरचा शेवटचा टप्पा असलेलेही असतात. सगळे एका ओळीत. पाटीवर कधी ‘वृद्धाश्रम’, कधी ‘नर्सिंग’, कधी ‘हॉस्पिस’. हॉस्पिस म्हणजे वृद्धाश्रम नव्हे आणि आयसीयूही नव्हे. आजार बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे हे मान्य करून, उरलेले दिवस दुखल्याखुपल्याशिवाय आणि मानाने जावेत म्हणून केलेली व्यवस्था म्हणजे हॉस्पिस. त्यातल्या उपचाराला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत कुणी परिहार सेवा म्हणतं, कुणी उपशामक उपचार. नाव काहीही द्या, पण काम वेगळं आहे आणि ते शिकावं लागतं.

ही कल्पना आजच्या रूपात उभी केली ती सिसिली सॉन्डर्स या इंग्लंडमधल्या बाईंनी. त्या आधी नर्स झाल्या, मग रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम केलं, आणि मरणाऱ्या माणसाच्या दुखण्याकडे डॉक्टर लक्ष देत नाहीत हे बघून चाळिशीच्या उंबरठ्यावर स्वतःच डॉक्टर झाल्या. (आपल्याला चाळिशीत साधा कॉम्प्युटरचा क्लास लावायचा म्हटलं तरी घरचे हसतात!) १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत, वांद्र्याला, १९८६ साली डॉ. एल. जे. डिसूझा यांनी काढलं, ते शांती आवेदना सदन. गोव्यातही त्यांची शाखा झाली. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ मध्ये सुरू झालं. या दोन्ही ठिकाणी पेशंटकडून पैसे घेत नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण ‘फुकट आहे म्हणजे कसलं असणार’ आणि ‘महिन्याला एवढे घेतात म्हणजे चांगलंच असणार’ ही आपल्या मनातली दोन गृहीतकं या बाबतीत साफ चुकतात.

पण वांद्रे आणि वारजे तुमच्या-माझ्या गावापासून किती लांब! पेशंट तिथे नेणं, घरच्या माणसाने तिथे राहणं, प्रत्येकाला जमत नाही. मग जवळचं बघावं लागतं, आणि गडबड तिथेच होते.

आमच्या ओळखीतल्या एका काकूंचं सांगते. काका एस.टी.त कंट्रोलर होते. तंबाखू आयुष्यभर. तोंडाचा कॅन्सर झाला, मुंबईला ऑपरेशन झालं, शेक झाले आणि वर्षभराने गाठ परत आली. डॉक्टरांनी सांगितलं, आता उपचारांचा उपयोग नाही, घरी न्या. काकूंनी घरी सव्वा महिना केलं. स्वतःचं ब्लडप्रेशर, गुडघे धरलेले. गालाला आरपार जखम झाली होती. तिला वास यायला लागला आणि येणारी-जाणारी माणसं दारातूनच विचारपूस करून जायला लागली. मुलांनी जागा शोधायला सुरुवात केली. काकू मला म्हणाल्या, तू चल बरोबर, मला काय विचारायचं ते सुचत नाही.

पहिली जागा जिल्ह्याच्या गावात. चकचकीत टाइल्स, स्वागतकक्षात संगमरवरी गणपती, मोठा टीव्ही, भिंतीवर हसऱ्या आजी-आजोबांची चित्रं. मॅनेजर इस्त्रीच्या शर्टात. त्याने पाच मिनिटांत दर सांगितला, अनामत सांगितली, डायपर आणि औषधं वेगळी म्हणाला. पेशंटला काय दुखतं, हे त्याने विचारलंच नाही. मी विचारलं, “मॉर्फिन असतं का तुमच्याकडे?” तो हसला. “ताई, ते नशेचं औषध. पोलिसांची भानगड. आमच्याकडे त्रास झाला की झोपेचं इंजेक्शन देतात.” बाहेर आल्यावर मी स्पष्ट सांगितलं की ही जागा काकांच्या कामाची नाही. धाकटा मुलगा म्हणाला, “पण स्वच्छता बघा ना, ताई.” निर्णय घरच्यांचा. काकांना तिथे ठेवलं.

बारा दिवस ठेवलं. रात्री बावीस पेशंटना मिळून विशीतला एक मुलगा. काकांना कळ आली की तो मॅनेजरला फोन करायचा, मॅनेजर डॉक्टरला, आणि डॉक्टर म्हणायचे, सकाळी बघू. काकू रोज सकाळच्या एस.टी.ने जायच्या, तेव्हा काका उशीचा कोपरा मुठीत आवळून भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. जखमेला ड्रेसिंग एक दिवसाआड. तोंडातून बोलता येत नव्हतं, तर बोलायला काही साधन द्यावं हेही कुणाला सुचलं नाही. टाइल्स मात्र रोज दोनदा पुसल्या जायच्या.

तेराव्या दिवशी त्यांना तिथून हलवलं. दुसरी जागा साठ किलोमीटरवर, एका ट्रस्टची, जुन्या शाळेच्या इमारतीत. आठ खाटा. भिंतींचे पोपडे निघालेले, संडास व्हरांड्याच्या टोकाला, डास भरपूर. तिथल्या मुख्य सिस्टरने फॉर्म काढायच्या आधी आम्हाला बाकावर बसवलं आणि पाऊण तास विचारत बसल्या. दुखणं कुठे आहे, सारखं आहे की कळा येतात, रात्री जास्त की दिवसा, गिळताना काय होतं, शौचाला कधी झालं, कशाने बरं वाटतं, ते कुणाची वाट बघतात का. काकांनाही विचारलं. हाताच्या बोटांनी सांगा म्हणाल्या, दहापैकी किती दुखतंय. काकांनी दोन्ही पंजे उघडून दाखवले. मग त्या काकूंकडे वळल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही पोटभर कधी जेवलात शेवटचं?” काकू तिथेच रडायला लागल्या. सव्वा महिना आणि बारा दिवसांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

काका तिथे एकोणीस दिवस राहिले. तिसऱ्या रात्री सलग झोपले. त्यांना मुलांची पाटी आणि पेन्सिल दिली होती. त्यावर त्यांनी पहिलं काय लिहिलं असेल? “सहा दहाची गाडी वेळेवर सुटली का?” सिस्टरने स्टँडवर फोन लावून चौकशी केली आणि सांगितलं, सात मिनिटं लेट. काकांनी मान हलवली. म्हणे, चेहऱ्यावर असं भाव की आम्ही असताना असं होत नव्हतं!

आता मॉर्फिनचं. यावर थोडं जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते जागा पारखायचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हे जगभर मान्य झालेलं औषध आहे. महाग नाही, उलट स्वस्तच आहे. मग मिळत का नाही? १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने ते इतकं बांधून टाकलं होतं की एकेका रुग्णालयाला वेगवेगळ्या खात्यांचे परवाने गोळा करावे लागायचे. मुदत संपायच्या आत सगळे एकदम हातात आले तर नशीब. बहुतेकांनी नाद सोडला, आणि डॉक्टरांच्या अख्ख्या पिढ्या मॉर्फिन लिहून न देताच तयार झाल्या. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. आता मान्यताप्राप्त संस्थेला ते ठेवता येतं. प्रशिक्षित डॉक्टर हवा, हिशोब चोख हवा, बस. तेव्हा ‘पोलिसांची भानगड’ हे उत्तर आता चालत नाही. त्याचा अर्थ एवढाच की या लोकांनी मान्यता घेतलेली नाही.

‘सवय लागेल’ ही दुसरी भीती. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं दुर्मीळ आहे. सुरुवातीचे काही दिवस गुंगी येते, मळमळतं, ते बहुतेकांचं कमी होतं. बद्धकोष्ठता मात्र हटत नाही, म्हणून जाणकार डॉक्टर मॉर्फिनबरोबरच पोट साफ होण्याचं औषध लिहितात. ही एक छान खूण आहे. “मॉर्फिन सुरू केल्यावर पोटासाठी काय देता?” असं सहज विचारून बघा. माहीतगार माणूस लगेच सांगेल, नवखा गोंधळेल.

दुसरी खूण घड्याळाची. “दुखलं की सांगा, मग देतो” असं म्हणतात की “चार चार तासांनी देतो, दुखायची वाट बघत नाही, आणि मध्येच कळ आली तर जास्तीची मात्रा लिहून ठेवलेली असते” असं म्हणतात? दुसरं उत्तर बरोबर. दुधाला उतू गेल्यावर फुंकर घालून काय उपयोग! आणि मग तिसरा प्रश्न, जो मला त्या सिस्टरनेच शिकवला. मॉर्फिन कुलुपात ठेवावं लागतं. तर रात्री त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते? डॉक्टरांच्या घरी असेल तर रात्री आठ ते सकाळी आठ त्या जागेत मॉर्फिन नाही, असंच धरा. कागदावर कितीही परवाने असोत.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, रात्र बघा. सकाळी अकराला गेलं की कुठलीही जागा चांगलीच दिसते. न सांगता संध्याकाळी सातनंतर जा. आत सोडलं नाही तर तेच उत्तर समजा. सोडलं तर खोली बघत बसू नका, खाटेवरची माणसं बघा. ओठ सुकून पापुद्रे आलेत का? नखं वाढली आहेत का? पाण्याचा पेला हाताला लागतो का, की दोन हातांवर स्टुलावर ठेवला आहे? कूस बदलल्याची नोंद खाटेपाशी आहे का? ज्याला स्वतःला वळता येत नाही त्याला दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात आणि त्या मूळ आजारापेक्षा छळतात. हवेची गादी घातली की झालं, असं सांगतात, पण ती नुसती मदतीला असते.

वासावरूनही कळतं. फिनाइलचा भपकारा म्हणजे स्वच्छता नव्हे, काहीतरी झाकलं आहे एवढंच. काकांच्या जखमेचा वास त्या पोपडे गेलेल्या शाळेत चार दिवसांत जवळजवळ गेला. काय केलं? रोज हलक्या हाताने धुतली आणि मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड डॉक्टरांच्या सल्ल्याने जखमेवर भुरभुरली. साधी, स्वस्त गोळी. वास गेल्यावर नातू जवळ येऊन बसायला लागला. औषधाने गाल भरून आला नाही, पण नातू परत आला, याची किंमत कुठल्या रेटकार्डात लिहिणार?

बाईमाणूस ठेवायचं असेल तर आणखी एक चौकशी तुम्हालाच करावी लागेल, घरातले पुरुष करणार नाहीत. रात्रपाळीला बाई असते का? आंघोळ, डायपर, लघवीची नळी हे कोण बघतं? मध्ये पडदा आहे का? एका आजींनी चार दिवस पाणी पिणंच कमी केलं होतं, कारण रात्री फक्त ब्रदर असायचा. मुलाला वाटलं, आजारामुळे. आजींनी सुनेला सांगितलं, तेही तिने आडून आडून विचारलं तेव्हा. आपल्या बायका मरणाच्या दारातही लाजतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. व्यवस्थेने तेवढं जपायला हवं.

नोकर किती, याचा आकडा सगळे फुगवून सांगतात. तेव्हा तिथल्या मावशींशी बोला. किती वर्षं आहात, सुट्टी मिळते का, पगार वेळेवर होतो का. ज्या ठिकाणी दर दोन महिन्यांनी मावशी बदलतात तिथे पेशंटची कूस कोण बदलणार?

आता जरा अवघड विषय. “शेवटचं व्हायला लागलं की तुम्ही काय करता?” हा प्रश्न जिभेवर येत नाही, अशुभ वाटतो. पण विचाराच. “लगेच अॅम्ब्युलन्स बोलावून मोठ्या हॉस्पिटलला हलवतो” असं उत्तर आलं तर ती जागा हॉस्पिस नाही. ज्या नळ्या आणि मशिनं नको म्हणून आपण तिथे गेलो, त्यातच शेवटचे दोन दिवस जाणार. चांगल्या ठिकाणी घरच्यांना आधीच सांगतात की आता श्वास असा होईल, घशात घरघर होईल, हातपाय गार पडतील, खाणंपिणं सुटेल. माणूस जेवत नाही म्हणून जात नसतो, जायला निघाला म्हणून त्याचं जेवण सुटतं, हे कुणीतरी समजावून सांगावं लागतं. नाहीतर सून जन्मभर मनात धरून बसते की मी चमचाभर पेज अजून भरवायला हवी होती.

कायद्याचंही थोडं बदललं आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये मान्य केलं की शुद्धीत असताना माणूस आपली इच्छा लिहून ठेवू शकतो, की मला पुढे कृत्रिम उपायांनी ताटकळत ठेवू नका. आधी त्याची पद्धत फार किचकट होती, जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे ते करता येतं. तुम्ही बघत असलेल्या जागेतल्या डॉक्टरांना हे माहीत आहे का, असा कागद असेल तर ते काय करतील, एवढं विचारून ठेवावं.

आणि खरं सांगायचं की नाही? “त्यांना कळू देऊ नका हं,” असं आपण डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगतो. प्रेमापोटीच. पण पेशंटला बहुधा कळलेलं असतं आणि तो आपल्यासाठी नाटक करत असतो. त्या सिस्टर म्हणाल्या, आम्ही आपणहून काही लादत नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलत नाही. मला हे पटलं. काकांनी एकदा पाटीवर विचारलं, “किती?” त्यांनी हात धरून सांगितलं, दिवस थोडे आहेत, दुखू देणार नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी थोरल्याला बोलावून पेन्शनचे कागद कुठल्या ट्रंकेत आहेत ते लिहून दिलं. खोटं बोलत राहिलो असतो तर ते कागद शोधत काकू कुठे कुठे फिरल्या असत्या!

पैशांबद्दल थोडक्यात. पावती मागा, अनामत कधी आणि किती परत मिळणार ते लिहून घ्या, औषधं त्यांच्याच दुकानातून घ्यायची सक्ती आहे का ते विचारा. नोंदणी बघा. आपल्या राज्यात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे आणि २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावावे लागतात. ती पाटी दिसली नाही तर कुठे आहे म्हणून मोठ्याने विचारायला लाजू नका. पण नोंदणी आहे म्हणजे काळजी चांगली, असंही नाही. त्या चकचकीत जागेत प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं.

लोक काय म्हणतील, हे राहिलंच. “नवऱ्याला टाकून आली” हे काकूंना त्यांच्या सख्ख्या जावेने ऐकवलं. ही जाऊ सव्वा महिन्यात एकदाही रात्री झोपायला आली नव्हती. घरी करणं हेच खरं करणं, आणि बाहेर ठेवणं म्हणजे अंग काढून घेणं, असं आपणच ठरवून टाकलं आहे. घरी झालं तर उत्तमच. कुणाला आपल्या खाटेवर, आपल्या माणसांत जायला आवडणार नाही? पण घरी करायला घरी मदत यावी लागते. केरळमध्ये कोझिकोडला १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी सुरुवात केली आणि पुढे गावोगावचे साधे लोक शिकून नर्ससोबत घरोघरी जायला लागले. २००८ मध्ये तिथल्या सरकारने त्याचं धोरणच केलं. आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून कागदावर आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांत ज्या बारा सेवा द्यायच्या त्यात वृद्धांची आणि अशा रुग्णांची काळजीही आहे. तुमच्या गावच्या उपकेंद्रात जाऊन विचारा, बारावीपर्यंत मोजत या म्हणावं! आमच्याकडच्या आशाताई बिचारी म्हणाली, “ताई, मला चाळीस रजिस्टरं आहेत, हे एकेचाळिसावं कुठलं?” तिचा दोष नाही.

बचत गटाच्या बायका हिशोब चोख ठेवतात, आजारी शेजारणीला डबा देतात, रात्री जागायला जातात. त्यांना ड्रेसिंग, कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता एवढं शिकवलं तर जागा शोधायची वेळच निम्म्या घरांवर येणार नाही, असं मला वाटतं. जिथे येईल तिथे या बायकाच जागा बघायला बरोबर जातील. आमच्या मंडळाच्या दोघीजणी आता महिन्यातून एकदा त्या शाळेतल्या केंद्रात जातात. नखं कापतात, पेपर वाचून दाखवतात आणि परत येऊन जे खटकलं ते सिस्टरना सांगतात. डासांचं सांगितलं, जाळ्या बसल्या. संडासाजवळ धरायला दांडा अजून बसलेला नाही, ते दर महिन्याला सांगतो.

काका गेल्यावर महिन्याभराने सिस्टरचा काकूंना फोन आला होता. झोप लागते का, ब्लडप्रेशरची गोळी घेता का, एवढंच विचारलं. पहिल्या जागेतूनही फोन आला होता. एक ब्लँकेट कमी भरतंय, अनामतीतून कापू का म्हणून.

आम्ही गेल्या महिन्यात जिल्हा रुग्णालयात माहितीच्या अधिकारात अर्ज दिला आहे. तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या तुमच्याकडे शिल्लक किती, गेल्या वर्षी किती रुग्णांना दिल्या आणि रात्री किल्ली कुणाकडे असते, असे तीन प्रश्न. पोच घेतली आहे. उत्तर आलं की कळवते.